‘नाही’ आणि ‘नव्हे’ : निषेधशब्दाचा विचार

शास्त्राचा अर्थ बहुधा मोठ्या शब्दांपाशी बिघडत नाही. तो लहान शब्दांपाशी बिघडतो. ‘परमेश्वर’, ‘प्रपंच’, ‘उद्धरण’ हे शब्द आले की अभ्यासक थांबतो, स्थळ पाहतो, गुरूस विचारतो. परंतु ‘न’ हे एक अक्षर आले की तो न थांबता पुढे जातो. वस्तुतः संपूर्ण वाक्याचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरविण्याचे सामर्थ्य या एका अक्षरात आहे. सूत्राचे निरूपण करणाऱ्याने, आणि त्याहूनही अधिक ते ऐकून शेजाऱ्यापाजाऱ्यांस उत्तर देणाऱ्या वासनिकाने, या अक्षराचा विचार केला पाहिजे. निषेध कशाचा, कोठवर आणि कोणत्या शब्दाने, हे न जाणता केलेला निषेध पुष्कळदा असत्य होतो, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या मनास विनाकारण दुखवितो.

संस्कृत व्याकरणात या निषेधशब्दाचे नाव ‘नञ्’. समासात शिरला की त्याचा नकार लोपतो आणि केवळ ‘अ’ उरतो. पुढे स्वर असेल तर ‘अन्’ होतो. म्हणून अधर्म, अज्ञान, परंतु अनादि, अनंत. नख, नक्षत्र, नपुंसक अशा मोजक्या शब्दांत ‘न’ जसाच्या तसा राहिला. या लहानशा ‘अ’चे अर्थ मात्र वैयाकरणांनी सहा सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पत्व, अप्रशस्तपणा आणि विरोध. ‘अब्राह्मण’ म्हणजे ब्राह्मणासारखा दिसणारा परंतु ब्राह्मण नसलेला कोणी मनुष्य. दगडास कोणी अब्राह्मण म्हणत नाही. ‘अपाप’ म्हणजे पापाचा अभाव. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळा प्राणी. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर कृश पोटाची. आणि ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे. धर्माच्या उलट उभे राहिलेले काही. एकाच ‘अ’ने सहा कामे केली. जो सर्वत्र एकच अर्थ करील तो सहांपैकी पाच ठिकाणी चुकेल.

लेखनात तर हा ‘अ’ अधिकच निसटता आहे. ए आणि ओ यांच्यापुढे तो संधीत नाहीसा होतो, मागे केवळ अवग्रहाची खूण उरते. ‘तेऽधीराः’ म्हणजे ते धीर नसलेले. लेखनिकाने अवग्रह गाळला की ‘ते धीराः’, ते धैर्यवान. भ्याडाचा शूर करण्यास एक रेघ पुरली. जुन्या पोथ्यांत अवग्रह सर्वत्र लिहिलेला नसतो, हे ज्यांनी पोथ्या हाताळल्या त्यांस ठाऊक आहे. म्हणूनच पूर्वाचार्यांनी पाठ गुरुमुखातून घेण्याचा आणि तो ताडून पाहण्याचा आग्रह धरला. सकळ लिपीत लिहिलेल्या आपल्या पोथ्यांची नक्कल करणाऱ्यास तर हे भान दुहेरी ठेवावे लागे; लिपीचे अक्षर बदललेले, आणि अक्षर चुकले तर सिद्धांत बदललेला.

वेदातील ‘न’ याहून नवलाचा आहे. तेथे तो निषेधही करतो आणि उपमाही देतो. म्हणजे ‘नाही’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘सारखा’ असाही. यास्काचार्यांनी निरुक्तात याची ओळख पटविण्याची खूण दिली आहे. ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या आधी ‘न’ आला तर तो निषेधार्थी. ज्याची उपमा द्यावयाची त्याच्यानंतर आला तर तो उपमार्थी. अर्थ अक्षरात नसून त्याच्या स्थानात आहे. मराठीतही असेच घडते. ‘न येता गेला’ यात ‘न’ निषेध करतो, ‘येतोस ना?’ यात ‘ना’ शेवटी जाऊन बसला आणि येण्याची मागणी करू लागला. ‘सांगा ना’ म्हणणारा सांगू नका असे म्हणत नाही. सुपे, बारामती, इंदापूर या भागातील बोलीत ‘आलास नव्हं?’ असे विचारतात, तेव्हा आला आहेस हे धरूनच विचारलेले असते.

आता मराठीच्या घरात यावे. आपल्या भाषेने एका ‘न’चा संसार थाटून दिला आहे. जुन्या मराठीत तो क्रियापदाच्या आधी येऊन त्यातच मिसळे : न आणि जाणे मिळून ‘नेणे’, न आणि उरे मिळून ‘नुरे’, न आणि लगे मिळून ‘नलगे’, न आणि आवडे मिळून ‘नावडे’. आज त्यांतील बरेचसे रूप ग्रंथांत राहिले. तरी ‘जाणते-नेणते’ ही जोडी बोलण्यात आहे आणि ‘नसणे’ तर रोजचेच आहे. या संसारातील चार शब्द मात्र पक्के टिकले. न आणि आहे यांचा ‘नाही’. न आणि होय यांचा ‘नव्हे’, जुन्या वळणात ‘नोहे’. न आणि ये, म्हणजे येणे, यांचा ‘नये’. आणि इच्छेचा नकार सांगणारा ‘नको’, ज्याचे अनेकवचन ‘नका’.

या चौघांची कामे वेगळी आहेत. ‘नाही’ अस्तित्वाचा निषेध करतो : घरात धान्य नाही. ‘नव्हे’ तादात्म्याचा निषेध करतो : हे धान्य नव्हे, भूस आहे. पहिल्या वाक्यात वस्तूच अनुपस्थित आहे. दुसऱ्यात वस्तू समोर आहे, केवळ तिचे नाव नाकारले आहे. ‘नको’ वस्तूही नाकारीत नाही, नावही नाकारीत नाही. तो बोलणाऱ्याची इच्छा सांगतो. ‘नये’ कोणाच्या इच्छेवर अवलंबून नाही. करणे योग्य ठरत नाही, बसत नाही, असे तो सांगतो. म्हणून ‘मला नको’ हे बोलणाऱ्यापुरते असते आणि ‘करू नये’ हे सर्वांस लागू होते.

ही विभागणी मराठीने एकटीने केलेली नाही. कन्नडात अस्तित्वनिषेधास ‘इल्ल’, तादात्म्यनिषेधास ‘अल्ल’, इच्छानिषेधास ‘बेड’ आणि अयोग्यतेस ‘कूडदु’ असे चार शब्द आहेत. ते आपल्या नाही, नव्हे, नको, नये यांच्या शेजारी ठेवले तर जणू एकाच साच्यातून निघाले असे दिसतात. तेलुगूत ‘लेदु’, ‘कादु’, ‘वद्दु’. कोकणीत ‘ना’, ‘न्हय’, ‘नाका’. दक्षिणेतील मुसलमान समाजाच्या दखनी भाषेने तर ‘नको’ हा शब्दच उचलून ‘नक्को’ केला. शब्दांचे धातू आर्यभाषेचे आणि त्यांची वाटणी दक्षिणी भाषांसारखी, असे मराठीचे हे दोन्ही तीरांना धरून वाहणे आहे.

उत्तरेकडे गेले की ही वाटणी पुसट होते. संस्कृतातील ‘नास्ति’चे प्राकृतात ‘नत्थि’ झाले आणि गुजरातीत ‘नथी’. परंतु गुजराती ‘नथी’ दोन्ही ठिकाणी चालतो : तो घरी नाही, यासही ‘नथी’ आणि तो राजा नव्हे, यासही ‘नथी’. हिंदीत ‘नहीं’ तसाच दोन्ही कामे करतो. मनाई करण्यापुरता ‘मत’ वेगळा ठेवला आहे. मनाईचा शब्द वेगळा ठेवण्याची ही चाल फार जुनी आहे. संस्कृतात ‘न’ हा कथनातील निषेध आणि ‘मा’ हा मनाईचा. ‘मा’ आला की ‘मा कार्षीः’, ‘मा भूत्’ यांत क्रियापदाचा आरंभीचा अडागमसुद्धा गळतो. गुजरातीत ‘मा’ अद्याप या अर्थी आहे. ग्रीक भाषेत ‘ऊ’ आणि ‘मे’ अशी जोडी आहे, आणि त्यांतील ‘मे’ हा आपल्या ‘मा’चा सख्खा भाऊ होय. जुन्या फारसीतही कथनास ‘न’ आणि मनाईस ‘म’ असा भेद होता. फारसीचा ‘ना’ मराठीत नाराज, नालायक, नापसंत या शब्दांवाटे येऊन राहिला. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीच्या काळापासून दप्तराच्या भाषेत असे शब्द इतके मिसळले की आज त्यांचे परकेपण कोणास जाणवत नाही.

दोन निषेध एकत्र आले की काय होते, हेही भाषांगणिक वेगळे आहे. संस्कृतात दोन नकार मूळ अर्थाकडे परत नेतात, किंबहुना तो अधिक दृढ करतात. मराठीत ‘तो आला नाही असे नाही’ म्हणजे तो आला. रशियन भाषेत मात्र ‘कोणी नाही’ या अर्थाच्या शब्दाबरोबर क्रियापदालाही नकार जोडावाच लागतो, आणि दोन मिळून नकार एकच राहतो. एका भाषेचे गणित दुसऱ्या भाषेत चालत नाही. भाषांतर करणाऱ्याने शब्द मोजू नयेत, अर्थ तोलावा.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले आहेत. मडके घडण्यापूर्वी मातीत मडके नाही, तो प्रागभाव. मडके फुटले, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रूप कधीच नाही, तो अत्यंताभाव. आणि मडके म्हणजे वस्त्र नव्हे, तो अन्योन्याभाव. ध्यानी घेण्यासारखी गोष्ट ही की पहिल्या तिन्ही अभावांस मराठी माणूस ‘नाही’ म्हणतो आणि चौथ्यास ‘नव्हे’ म्हणतो. न्यायशास्त्राने ज्या रेषेने अन्योन्याभाव वेगळा काढला, तीच रेषा शेतात राबणाऱ्या अशिक्षित माणसाच्या जिभेवर आधीपासून आहे. मीमांसकही तसेच म्हणतात. निषेध क्रियापदाशी जोडला तर तो प्रसज्यप्रतिषेध, सरळ मनाई; नामाशी जोडला तर तो पर्युदास, म्हणजे हे वगळून दुसरे.

या भेदाला केवळ पंडिती किंमत आहे असे कोणास वाटेल. त्याने सुपे गावाचा इतिहास पाहावा. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे ही मोठी बाजारपेठ होती आणि अनेक गुजर सावकारांची तेथे दुकाने होती. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतील शेतकरी तेथे जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जखते मागितली, ती जाळली, धान्याची दुकाने लुटली, काही घरांना आगीही लागल्या. तेथून हे लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील गावोगाव गेले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख मुख्यतः कागदावर होता. खते हाती आली की सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावीत नसे.

कागदावरच राग का, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला भाव आला, तेव्हा कर्ज सहज मिळाले. युद्ध संपले, भाव पडला, सरकारी सारा वाढला आणि सावकाराने हात आखडला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतेच चालेल असे ठरविले होते. व्याज साचत जाऊ नये हा त्याचा हेतू. परंतु व्यवहारात दर तीन वर्षांनी जुन्या मुद्दलात व्याज मिळवून त्या सगळ्या रकमेचे नवे खत होऊ लागले. न वाचता येणाऱ्या कुणब्याने अंगठा उठवावा आणि पुढे न्यायालयात तेच खत त्याच्यासमोर यावे. न्यायाधीश विचारी, अंगठा तुझाच ना? तो म्हणे, होय. एवढ्या एका ‘होय’ने सगळी रक्कम त्याच्या माथी बसे.

त्या शेतकऱ्याला काय म्हणावयाचे होते? ‘मी कर्ज घेतले नाही’ असे नव्हे. ते असत्य झाले असते. ‘मी देणार नाही’ असेही बहुतेकांचे म्हणणे नव्हते. त्याचे म्हणणे होते, ‘घेतले, परंतु इतके नव्हे’. हा अन्योन्याभाव आहे. खतातील रक्कम आणि खरे देणे या दोन वस्तू आहेत, एक नव्हेत. परंतु समोर प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच होता. ‘हेच की हे नव्हे’ असे विचारणारा कोणी नव्हता. ज्या वाक्याला न्यायालयात जागा मिळाली नाही, ते वाक्य सुप्याच्या बाजारात ज्वाळा होऊन निघाले.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयास खताच्या मागे जाऊन हिशेबाचा मुळापासून शोध घेण्याची, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे करण्याची मोकळीक दिली. म्हणजे ‘नाही’ आणि ‘होय’ यांच्यामध्ये ‘इतके नव्हे’ या उत्तरास कायद्याने दार उघडले. हे दार चार वर्षे आधी उघडते तर किती घरे जळण्यापासून वाचती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

याच घटनेत दुसराही बोध आहे. खत जळाले, तेव्हा कागदाचा प्रध्वंसाभाव झाला, ऋणाचा नव्हे. खरे घेतलेले पाच रुपये कागद जळाल्याने न घेतलेले होत नाहीत. तसेच खोटी वाढविलेली रक्कम कागद शाबूत असल्याने खरी होत नाही. कागद आहे म्हणून ऋण आहे असेही नव्हे, कागद नाही म्हणून ऋण नाही असेही नव्हे. जीवाचे कर्मही असेच होय. लोकांना दिसणारा पुरावा नाहीसा केला म्हणजे कर्म नाहीसे होत नाही. आणि लोकांनी लादलेला आरोप कितीही ठळक लिहिला तरी तो जीवास लागत नाही.

आता ज्यासाठी हा विस्तार केला त्या मूळ विषयाकडे वळावे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ निरूपिले. चौघेही भिन्न. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि प्रपंच अनित्य. सूत्रपाठात ‘अन्यव्यावृत्ति’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या नावातच पर्युदासाचा अर्थ आहे. इतरांना वगळून, वेगळे काढून, जे एक आहे ते दाखविणे. येथे वगळणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. देवतांचे अस्तित्व, त्यांचे सामर्थ्य आणि त्यांनी दिलेली फळे सिद्धांताने मान्य केली आहेत. ती फळे संपणारी आहेत आणि मोक्ष देण्याचा अधिकार एका परमेश्वराचा आहे, एवढेच वेगळे काढले आहे. म्हणजे सिद्धांत ‘देवता नाही’ असा नसून ‘देवता परमेश्वर नव्हे’ असा आहे.

महानुभावांवर शतकानुशतके जो आक्षेप आला, त्याचे मोठे मूळ या दोन शब्दांच्या घोटाळ्यात आहे. ‘हे देव मानीत नाहीत’ असे लोक म्हणत. निरूपण करणाऱ्याने ‘नव्हे’ म्हटले, ऐकणाऱ्याने ‘नाही’ ऐकले. आणि कित्येकदा, हेही मान्य केले पाहिजे, सांगणाऱ्याच्याच तोंडून ‘नाही’ निघाले. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’ मागे पडत चालला आहे. ‘तो माझा भाऊ नाही’ असे शहरात सर्रास ऐकू येते. ‘नव्हे’ म्हणणारा पुस्तकी ठरतो. व्यवहारात याने फारसे अडत नाही, कारण भाऊ समोर दिसत असतो. देवता आणि परमेश्वर डोळ्यांसमोर दिसत नाहीत. तेथे शब्द हाच एक आधार. तो शब्द ढिला झाला की सिद्धांत ढिला होतो.

ज्या भाषेत हा भेद एका शब्दाने होत नाही तेथे अधिक काळजी हवी. पंजाबात जय कृष्णी या नावाने पंथाचे अनुयायी आहेत. त्यांस हिंदीत समजावताना ‘देवता परमेश्वर नहीं’ हे वाक्य घाईने तोडले तर ‘देवता नहीं’ एवढेच कानी पडते. तेथे ‘देवता हैं, पर परमेश्वर उनसे भिन्न हैं’ असे दोन पायऱ्यांनी सांगावे. आधी अस्तित्वाचा स्वीकार, मग तादात्म्याचा निषेध. श्रीचक्रधरस्वामींचा अवतार गुर्जर देशातील भडोचचा, जेथे आज ‘नथी’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. आणि तरी त्यांनी ज्या मराठीत निरूपण केले तिच्यात ही दोन कामे दोन शब्दांनी होतात. पंडितांनी संस्कृताचा आग्रह धरला तेव्हा नागदेवाचार्यांनी तो मानला नाही. सामान्य बायाबापड्यांना ज्ञान पोहोचावे ही त्यांची कळकळ होती. त्या बायाबापड्यांच्या तोंडी असलेली भाषा शास्त्राला अपुरी पडली नाही, उलट नेमकी बसली. भीष्माचार्यांनी ‘पंचवार्तिका’त मराठीचा व्याकरणविचार केला तो वचनाचा अर्थ निश्चित व्हावा म्हणूनच. व्याकरण ही येथे शोभेची वस्तू नव्हती. ती साधनाची रक्षा होती.

याचा रोजच्या आचाराशी संबंध पाहावा. समजा, एखाद्या खेड्यात वासनिकाचे एकच घर आहे. गावची जत्रा आहे, बोकड कापावयाचा आहे, वर्गणी गोळा होत आहे. शेजारी दारात येऊन म्हणतात, ‘तुम्ही आमचा देव मानत नाही ना?’ प्रश्नातील ‘ना’ संमती मागणारा आहे. मराठीत ‘हो’ म्हणजे प्रश्नातील विधानास मान्यता, म्हणून ‘हो’ म्हटले तर ‘होय, मानत नाही’ असे ठरले. इंग्रजीत याच अर्थी ‘नो’ म्हणावे लागते. तेथे उत्तर प्रश्नाकडे पाहत नाही, वस्तुस्थितीकडे पाहते. फ्रेंच भाषेत नकारार्थी प्रश्नाचे खंडन करण्यास ‘सी’ आणि जर्मन भाषेत ‘डोख’ असा तिसराच शब्द ठेवला आहे. मराठीत असा एकच शब्द नाही. मग मराठी माणसाने अशा प्रश्नास एका शब्दात उत्तर देऊच नये. पूर्ण वाक्य बोलावे.

ते वाक्य कोणते? ‘तुमचा देव खोटा आहे’ हे नव्हे. ते सिद्धांतास धरून नाही आणि शेजाऱ्याच्या मनास जखम करणारे आहे. ‘आम्हांला नको’ हेही पुरेसे नाही. त्यात केवळ आवड-निवड दिसते आणि ऐकणारा म्हणतो, यांना गाव नको आहे. हिंसेच्या बाबतीत ‘नको’ अपुरा पडतो, तेथे ‘नये’ लागतो. मुक्या जीवास मारू नये, हे कोणा एकाच्या इच्छेचे बोलणे नव्हे. म्हणून त्याने असे सांगावे की, देव नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु जीव घेऊन कोणाची आराधना करू नये असे आमच्या स्वामींचे सांगणे आहे. रस्ता, पाणी, सावली, आजाऱ्याची सेवा यासाठी गावाची वर्गणी असेल तर हे घर मागे राहणार नाही. या उत्तरात ‘नाही’ आहे, ‘नये’ आहे, परंतु ज्याचा त्याचा शब्द ज्याच्या त्याच्या जागी आहे. शेजारी कदाचित रागावेल. पण दाराशी तुटणार नाही. उद्या त्याच्या घरी दुःख आले तर वासनिकास तेथे जाता येईल.

मराठी माणसाच्या जुन्या रीतीत नकाराची ही जपणूक आहेच. दिवा विझविला असे न म्हणता दिवा वाढविला म्हणतात. दुकान बंद केले असे न म्हणता वाढविले म्हणतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. भिक्षेस आलेल्या साधूला घरात काही नसले तरी गृहिणी ‘नाही’ म्हणण्यास कचरते, ‘पुढे व्हा, बाबा’ म्हणते. यात दंभ नाही. रित्या शब्दाने कोणाचे मन रिते करू नये ही कनवाळू बुद्धी आहे. मात्र ही मृदुता सत्याच्या आड येऊ नये. जेथे सिद्धांत सांगावयाचा तेथे गोडवा म्हणून ‘सगळे एकच’ असे म्हणणे हेही असत्यच. न दुखविता वेगळे काढणे, ही खरी कसोटी.

भिक्षुकाच्या आचारात याच शब्दांची परीक्षा रोज होते. अटन, विजन आणि भिक्षाभोजन या मार्गावर चालणाऱ्यास जग पुष्कळ काही देऊ पाहते, त्याला तो ‘नको’ म्हणतो. परंतु ‘नको’ म्हणण्याचा अभिमान झाला की तोच ‘नको’ एक परिग्रह होतो. आणि ‘करू नये’ असे जे स्वतःस सांगावयाचे, ते दुसऱ्यास सांगत फिरला की निषेधाचे बोट बाहेर वळते. निषेध प्रथम आपल्या ठिकाणी लावावा : मी देह नव्हे, मी माझी कीर्ती नव्हे, मी परमेश्वरही नव्हे. हे तीन ‘नव्हे’ जीवाला त्याच्या जागी आणून बसवितात. त्या जागेवरून परमेश्वराकडे पाहता येते. कारण जो स्वतःलाच परमेश्वर मानतो त्याला शरण जाण्यास कोणी उरत नाही, आणि जो परमेश्वर नाहीच म्हणतो त्यालाही उरत नाही. ‘मी तो नव्हे’ म्हणणाऱ्यालाच ‘तो आहे’ हे म्हणता येते.

म्हणून अध्यापकांनी सूत्र शिकविताना निषेधशब्दापाशी क्षणभर थांबावे आणि शिष्यास चार गोष्टी विचाराव्यात. निषेध अस्तित्वाचा आहे, तादात्म्याचा आहे, इच्छेचा आहे की योग्यतेचा? प्रकरण कोणते? वचन कोणास उद्देशून आहे? आणि निषेध झाल्यावर उरते ते काय? या प्रश्नांची उत्तरे आल्यावरच पुढील वचन घ्यावे. वासनिकांनी घरातील मुलांच्या तोंडी ‘नव्हे’ हा शब्द जिवंत ठेवावा. तो गेला तर एक शब्द गेला एवढेच होणार नाही. ‘तू आहेस, परंतु तू तो नव्हेस’ असे कोणालाही न मोडता सांगण्याची सोयच भाषेतून जाईल. तो राहावा, एवढे साधकांनी आपल्या वाणीने करावे.